नखत्राण्यात आठ दिवस काढायचे आहेत. पांढऱ्या रणाशिवाय तिथे बघण्यासारखं काय आहे?

तुम्ही फोंड्याचे, जावई पवनचक्क्यांच्या कामावर कच्छात नखत्राण्याला, आणि डिसेंबरअखेरीस तुम्ही दोघं लेकीकडे आठ दिवस जाणार. नकाशात नुसतं पिवळं-करडं दिसतंय म्हणून धास्तावला आहात. तुमची धास्ती मला कळते. मीही गोव्याचाच, साखळी गावचा. बँकेच्या बदलीमुळे दोन वर्षं त्याच गावात काढली आहेत आणि पहिले तीन महिने रोज शिव्या घातल्या आहेत.

निघण्याआधी लेकीला फोन करून एकच विचारा: यंदा पाऊस बरा झाला का? तुमचे आठ दिवस कसे जाणार ते या एका उत्तरावर ठरेल. आपल्याकडे पाऊस पडणार हे गृहीतच असतं. तिकडे तो पडला तर नखत्राण्याच्या उत्तरेला छारी-ढंढ भरते, नाही पडला तर तिथे भेगाळलेली जमीन असते. छारी म्हणजे खारट आणि ढंढ म्हणजे उथळ तळं. मी पहिल्या वर्षी मोठी दुर्बीण गळ्यात अडकवून गेलो आणि चिखलाच्या वाळक्या खपल्यांवर फिरून परत आलो. गाडीवाल्याला ते आधीपासून ठाऊक होतं, पण मी विचारलंच नव्हतं!

पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि तीच जागा ओळखू येईना. 2008 मध्ये छारी-ढंढ गुजरातचं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. ते का झालं, ते संध्याकाळी तिथे उभं राहिल्यावर कळतं. दिवसभर शेतांत दाणे टिपून क्रौंच आणि कांड्या करकोचे मुक्कामाला पाण्याकडे परततात. रात्र ते उथळ पाण्यात उभ्यानेच काढतात, कारण कोल्हा आला तरी पाण्याच्या आवाजाने कळतं. आधी नुसता आवाज येतो, आकाशात काहीच नसतं. मग क्षितिजावर एक रेघ दिसते, तिच्यामागे दुसरी, आणि थोड्या वेळाने मोजणं सोडून द्यावं लागतं. स्थानिक लोक त्यांना कुंज म्हणतात. रोहित पक्षी, गरुड, जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्ये हे सगळं त्याच फेरीत होऊन जातं. फक्त जाण्याआधी वनखात्याच्या माणसांशी बोलून घ्या, आणि ओल असेल तर रस्ता सोडून गाडी घालू नका. ती माती वरून कोरडी दिसते आणि चाक गिळते.

ढंढीच्या वाटेवर फुलाय नावाचं गाव लागतं. पक्ष्यांचं वेड असलेली माणसं देशभरातून तिथे येतात ती एका पक्ष्यासाठी: हिपोकोलियस. हा आपल्या बुलबुलाएवढा, राखाडी रंगाचा. नराच्या डोळ्यांवर काळी पट्टी असते. हिवाळ्यात तो इराण-इराककडून येतो आणि पीलूच्या झुडपांत फळं खात बसतो. भारतात तो खात्रीने दिसावा अशा जागा फारच थोड्या आहेत. भल्या सकाळी जा आणि झुडपासमोर गप्प बसा. आपल्या म्हादईच्या रानात जनावर पानाआड लपतं. इथे तेवढी पानं नाहीत, तरी अर्धा तास काही दिसत नाही. मग एकदम लक्षात येतं की समोरचा करडा दगड म्हणजे पखुर्डी नावाचा पक्षी आहे. मे महिन्यात आपल्या सड्यावर टिटवीची अंडी शोधली असतील, तर तुमची नजर तयार आहे म्हणायची.

सगळीकडे काटेरी हिरवळ दिसेल तिला तिथे ‘गांडो बावळ’ म्हणतात. शब्द ऐकून दचकू नका, गुजरातीत गांडो म्हणजे वेडा. रण पसरू नये म्हणून 1960 च्या सुमारास ही परदेशी बाभूळ लावली आणि तिनेच बन्नी नावाच्या भागातली गवताळ कुरणं गिळायला घेतली. आता लोक तिचा कोळसा करून विकतात.

जावयाच्या कामाशी संबंध आहे म्हणून माळढोकाचंही सांगतो. नलियाजवळ त्याचं छोटं अभयारण्य आहे, पण बघायच्या आशेने जाऊ नका. कच्छात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माद्याच उरल्या. हा पक्षी जड असतो आणि समोरचं त्याला नीट दिसत नाही. उडताना विजेच्या तारा दिसेपर्यंत वळायला उशीर झालेला असतो. हे जावयाला ऐकवून जेवणाच्या ताटावर वाद काढू नका, पण मला तिथल्या तारा बघताना दर वेळी तेच आठवायचं.

एक पूर्ण दिवस लखपतसाठी ठेवा. वाटेत माता नो मढला आशापुरा देवीचं दर्शन होईल. पुढे नारायण सरोवर अभयारण्याच्या झुडपांत गाडी हळू चालवली तर चिंकारा दिसतो. पाला आणि दंव यांवर त्याचं बरंचसं भागतं, पाण्यासाठी तो अडून बसत नाही. लखपत म्हणजे सात किलोमीटरचा कोट आणि आत जवळजवळ काहीच नाही. एके काळी सिंधू नदीची एक शाखा इथवर यायची, बंदर होतं, भात पिकायचा. 1819 च्या भूकंपात उत्तरेला जमीन वर उचलली गेली, अल्लाबंद नावाचा बांध आपोआप उभा राहिला आणि पाणी तुटलं. जुने गोवें साथींनी ओस पडलं, हे गाव नदी गेल्यामुळे. कोटावरून उत्तरेकडे बघा, नजर कशालाच अडत नाही. आत गुरुद्वारा आहे. गुरू नानक इथे थांबले होते अशी श्रद्धा आहे. समुद्रकाठचं कोटेश्वर मंदिरही त्याच दिवशी होतं, पण सूर्यास्तापर्यंत थांबलात तर परतीचा रस्ता काळोखाचा आहे.

गावाजवळचा धिनोधर डोंगर चढायला सोपा नाही, पण गोष्ट ऐकून ठेवा. धोरमनाथ नावाचा योगी तिथे बारा वर्षं डोक्यावर उभा राहून तप करत होता. डोळे उघडल्यावर जिकडे नजर पडेल ते जळेल, म्हणून त्याने उत्तरेला समुद्राकडे तोंड केलं. समुद्र आटला आणि रण झालं.

काळो डुंगर नावाचा डोंगर लांब आहे, तरी साखळीच्या दत्तवाडीत वाढलेल्या माझ्यासारख्याला तो टाळता आला नाही. तिथल्या दत्तमंदिरात आरतीनंतर कोल्ह्यांना गोड भात घालतात. पुजारी ‘लोंग, लोंग’ अशी हाक मारतो. भुकेल्या कोल्ह्यांना दत्तात्रेयांनी ‘लो अंग’ म्हणत स्वतःचा हात दिला, तेच लोंग झालं म्हणे. मी गेलो तेव्हा दोन कोल्हे आले आणि माणसांकडे न बघता जेवून गेले.

निरोणा गावात रोगनकाम बघा. एरंडेल दाट होईपर्यंत उकळून त्याचा रंग करतात आणि सळईवरून धाग्यासारखा कापडावर सोडतात. बायको तिथून लवकर निघणार नाही, हे हिशेबात धरा.

जानेवारीच्या तोंडावर तिकडे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, त्यामुळे ‘पहाटे’ म्हणजे आपली पहाट नव्हे. थंडीही आपल्यासारखी नाही, जाड स्वेटर हवाच. मासळी विसरा, बाजरीचा रोटला, गूळ आणि ताक यांवर मन लावा. आणि जावयासाठी काजूची बाटली बॅगेत टाकायचा विचार असेल तर तो इथेच सोडा, गुजरातेत दारूबंदी आहे. त्यापेक्षा कोकमं न्या. मला तिथे कोकमांची सगळ्यांत जास्त आठवण यायची.