फोक्सवॅगन बीटलचं एअर-कूल्ड इंजिन विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी बांधताना कोणते बदल करावेत? ज्यादा ऑइल कूलर लावावा का?

खरं तर तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय: 'मिस्त्री म्हणतो, इंजिनभोवतीचे पत्रे काढून टाका, मोकळी हवा लागेल.' हे वाक्य आमचे भाऊजी गेली कित्येक वर्षं लग्नाच्या पंगतीतसुद्धा म्हणतात.

पत्रे काढू नका. कूलर, कार्ब्युरेटरचा जेट, ऑइल, सगळं नंतर.

बुलेटचं इंजिन समोरच्या वाऱ्यावर थंड होतं. बीटलचं मागे डिकीत कोंडलेलं असतं. डायनॅमोच्या शाफ्टवरचा पंखा बाहेरची हवा ओढतो, डोक्यावरच्या पत्र्याच्या घरात दाबतो, आणि तिथून ती बॅरल (म्हणजे सिलिंडर) आणि हेड (त्याच्या तोंडावरचं झाकण) यांच्या उष्णता सोडणाऱ्या पाकळ्यांमधून खाली काढून देतो. वाट ठरवतात ते पत्रेच. ते नसले की हवा सोपी फट बघून पळते, आणि कडेचे पत्रे किंवा डिकीच्या कडेचं रबर नसेल तर सायलेन्सरजवळची तापलेली हवा पंखा परत वर ओढतो. घरच्या कूलरच्या खसच्या जाळ्या काढायच्या आणि 'आता कशी भरपूर हवा येते' म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

आमची गाडी १९६७ची, १३०० सीसी, वडिलांनी मुंबईच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. मी नोकरीसाठी पुण्यात होतो तेव्हा ती अमरावतीला भाऊजींच्या ताब्यात होती. त्यांनी इंजिन एका मिस्त्रीकडून बांधून घेतलं. बॅरलच्या पोटाखाली दोन छोटे वाकवलेले पत्रे असतात, हवेला बॅरलच्या खालच्या अंगाला घासत नेणारे. हेड आणि पुशरॉडच्या नळ्या बसल्यावर ते आठवले तर पुन्हा खोलणं कोणाच्याही जिवावर येतं. मिस्त्रीने ते 'फालतू' म्हणून बाजूला ठेवले. वरून भाऊजींनी कडेचे पत्रे काढायला लावले, पंख्याच्या हवेची फडकी उघडझाप करणारा थर्मोस्टॅटही काढला, आणि उन्हाळा म्हणून ऑइल सगळ्यात जाड भरलं. पुढच्या मे महिन्यात तीन नंबरच्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये घुसलं.

तीन नंबरच का, हे जुन्या बीटलवाल्यांना सांगायला नको. ऑइल कूलर पंख्याच्या घरात नेमका त्याच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे त्या सिलिंडरला आधीच तापलेली हवा मिळते. कंपनीलाही ठाऊक होतं. म्हणून तर डिस्ट्रिब्युटरमध्ये तीन नंबरची ठिणगी मुद्दाम जराशी उशिरा ठेवलेली असायची, आणि १९७१च्या मॉडेलपासून कूलर पुढे सरकवून त्याला हवेची वेगळी वाट दिली.

भाऊजींचा निष्कर्ष मात्र असा की जर्मनीच्या थंडीसाठी केलेली गाडी इथे टिकायचीच नाही. अहो, याच इंजिनाच्या थोरल्या भावावर क्युबेलवॅगन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी गाड्या, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पळाल्या. ब्राझीलमध्ये बीटल वर्षानुवर्षं बनली. या जुन्या एअर-कूल्ड धाटणीची जगातली शेवटची बीटल जुलै २००३मध्ये मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. तिथे काय बर्फ पडत होता?

मी गाडी परत घेतली आणि इंजिन पुन्हा खोललं. ते छोटे पत्रे तोवर भंगारात गेले होते. नागपूरच्या एका बीटलवाल्याने नमुन्याला त्याचे दिले, आणि अमरावतीत कूलरच्या बॉड्या बनवणाऱ्या पत्रेवाल्याने हुबेहूब वाकवून दिले. त्याने पहिल्या बैठकीत विचारलं, 'साहेब, हे हवा वळवायला आहे ना?' दोन गॅरेजवाल्यांना न कळलेली गोष्ट त्याला पत्रा हातात घेताच कळली.

बाकी कामं भराभर सांगतो. नवीन हेड आणलीत तरी पाकळ्यांमध्ये ओतकामाचा पत्र्यासारखा पातळ मळ अडकलेला असतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास जास्तच. बारीक कानस घालून प्रत्येक फट मोकळी करा, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि गाइड नवेच, जुने घासून वापरू नका. १३०० असेल तर ७७ मिमीचा मूळ बोअरच ठेवा; १६००वाल्यांना पातळ भिंतीच्या ८८ मिमी बॅरलचा मोह होतो, उन्हात ते गोल राहत नाहीत. कॉम्प्रेशन साडेसातच्या वर नेऊ नका. टॅपेटची फट ०.१५ मिमी, इंजिन रात्रभर गार झाल्यावर. ठिणगीचं टायमिंग साडेसात अंश, त्यापुढे 'पिकअप'साठी ओढलं की उष्णता वाढलीच. थर्मोस्टॅट आणि फडकी जागेवर ठेवा. थर्मोस्टॅट बिघडला तरी फडकी उघडीच राहतात. आणि पंख्याचं घर उतरवाल तेव्हा आत बघा, आमच्या गाडीत उंदराचं घरटं निघालं.

ऑइल २०डब्ल्यू-५०, पुरे. जास्त जाड भरलं की गार इंजिनात दाब वाढून रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल कूलरला वगळून परत फिरतं. म्हणजे भाऊजींनी थंडाव्यासाठी भरलेलं ऑइल इंजिन चांगलं तापेपर्यंत थंड व्हायला जातच नव्हतं! एकूण अडीच लिटर ऑइल आणि फिल्टरच्या नावाने फक्त जाळी, त्यामुळे पाच हजार किलोमीटरला बदलाच.

मग मे महिन्यात भाऊजींना शेजारी बसवून परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढलो. मूळ गाडीत तापमानाचा काटा नसतो, मी ऑइलला लावून घेतला होता. घाटभर त्यांची नजर त्याच्यावर. काटा ११५च्या पुढे गेला नाही. वर चहा पिताना म्हणाले, 'आज ढग होते.' ढग नव्हते.

तुमचा कूलरचा प्रश्न राहिलाच. आधी पत्रे पूर्ण करा आणि ऑइलचं तापमान मोजा. तरीही १२०च्या वर जात असेल, तर १९७१नंतरच्या पद्धतीचं पंख्याचं घर आणि सरकवलेला कूलर बसवा. जुन्या इंजिनाच्या केसिंगला अॅडॉप्टर मिळतो. बाहेरचा कूलर मी शेवटी धरेन, कारण पाइपाचा प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक जागा. अर्थात तुमची गाडी रोज शहराच्या ट्रॅफिकमध्ये रांगत असेल तर माझा घाटाचा अनुभव तुम्हाला तंतोतंत लागू पडणार नाही. तिथे पंखा असलेला बाहेरचा कूलर उपयोगी पडू शकतो.

आणखी एक, भाऊजींच्या काळात नसलेलं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. त्यावर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि हेड जास्त तापतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा घालून प्लगचा रंग तपासा. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला चालणारे घ्या, नाहीतर पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर गळेल.

डायनॅमोचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर 'ढाब्यापर्यंत जाऊ' म्हणू नका. तोच बेल्ट पंखाही फिरवतो, जागेवर इंजिन बंद करा. सुटा बेल्ट आणि २१चा पाना गाडीतच ठेवा.