वसमत तालुक्यात सारखे धक्के बसतात आणि आमचं घर जुनं, दगडमातीचं आहे. भूकंपासाठी घरात काय तयारी करावी आणि धक्का बसून गेल्यावर काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की घरात म्हातारे आईवडील आहेत. पुढे पत्र्याची ओसरी, आत जुनं माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा जाड थर असलेलं छत, बाजूला अलीकडे बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. भाऊ नांदेडला चौथ्या मजल्यावर राहतो. आणि शेवटी एक वाक्य आहे, "आता सवय झाली आहे." त्या वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो.

मी औसा तालुक्यातला. १९९३ साली अकरा वर्षांचा होतो. आमच्या भागात त्याच्या आदल्या वर्षापासूनच धक्के बसत होते. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये किल्लारीकडे बरेच धक्के बसले, भिंतींना चिरा गेल्या, लोक काही दिवस बाहेर झोपले. मग पुन्हा आत आले. सुगी होती, थंडी होती, किती दिवस बाहेर झोपणार? सवय झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, किल्लारीचा तो मोठा भूकंप आला. रात्री गणपती विसर्जन झालं होतं. आम्ही भावंडं उशिरा परतलो, आजीची झोपमोड नको म्हणून आई-आबांसोबत ओसरीतच पत्र्याखाली आडवे झालो. आजी आतल्या खोलीत होती, माळवदाखाली. आमच्यात आणि तिच्यात फार तर दहा हात अंतर होतं. आम्ही पाचजण खरचटण्यावर निभावलो. आजी दुपारी सापडली.

म्हणून तयारीची यादी मी बॅटरी आणि बिस्किटांपासून सुरू करत नाही. पहिला प्रश्न एकच : रात्री तुमच्या घरातलं प्रत्येक माणूस कशाखाली झोपतं?

माळवदाचं वजन एकदा काढून बघा. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे सहा-सात टन भार. दरवर्षी पावसाळ्याआधी गळू नये म्हणून वर पांढरी माती टाकत गेलं की दीडाची दोन फूट कधी होते ते कळतही नाही. त्याखालची भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते म्हणून आपल्याला ती मजबूत वाटते. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात. बाहेरून एक दगडी थर, आतून एक थर, मध्ये बारीक दगड नि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नसेल तर हादऱ्यात भिंत उभीच्या उभी फाकते आणि वरचं सगळं खाली बसतं. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती ढासळल्या तरी कधी कधी वरचं छत खांबांवर तोलून राहिलं. आमच्या गावात अशी दोन घरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

आता तुमच्याकडच्या धक्क्यांबद्दल. १० जुलै २०२४ ला हिंगोली भागात सकाळी सातच्या सुमाराला जो जाणवला तो ४.५ तीव्रतेचा होता. त्यात घर टिकलं म्हणजे घर पक्कं, असं कृपा करून समजू नका. किल्लारीचा ६.२ चा होता. आकड्यात फरक पावणेदोनचाही नाही, पण ऊर्जेत तो साडेतीनशे पट होतो. याचा अर्थ तुमच्याकडे मोठा येणारच असाही नाही. कोयनेला साठ वर्षांपासून जमीन हलते आहे, डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून कितीतरी लहान धक्के झाले. लहान धक्क्यांवरून मोठ्याचा दिवस कोणालाच सांगता येत नाही. आणि "आपला भाग कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे" यावर विसंबू नका. १९९३ च्या आधीच्या नकाशात आमची किल्लारीसुद्धा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होती.

तर आज रात्रीपासून आईवडिलांची बाज माळवदाखालून हलवा. पण कुठे, ते बघून. स्लॅबच्या खोल्या कॉलम-बीमवर उभ्या आहेत का? की जुन्या दगडी भिंतीवरच स्लॅब ओतलाय? आपल्याकडे खर्च वाचवायला हे सर्रास करतात, आणि तसं असेल तर ती खोली माळवदापेक्षा सुरक्षित नाही. विटांच्या भिंती सिमेंटमध्ये असतील, दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना वेढणारा सळईचा काँक्रीटचा पट्टा असेल, तर तिथे झोपवा. नसेल तर ओसरी बरी. मात्र ओसरीच्या पत्र्यावर वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगड ठेवले असतील, तर ते उद्या सकाळी उतरवा. २०२४ च्या मार्चमधल्या धक्क्यांनंतर नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने हेच आवाहन केलं होतं. पत्रा अंगावर पडला तर माणूस जखमी होतो, पण त्यावरचा दहा किलोचा दगड डोक्यात पडला तर माणूस वाचत नाही. पत्रे हूक-बोल्टने खालच्या अँगलला आवळून घ्या.

माळवद पाडायला पैसे लागतात, हे मला कळतं. मी आज लातूरला बांधकामाचीच कामं घेतो, आणि जुनी घरं न पाडता बळकट करण्याचं काम आमच्याकडे भूकंपानंतर सरकारी योजनेतूनही फार मोठ्या प्रमाणावर झालं. त्यातल्या तीन गोष्टी तुमच्या घराला लागू होतील. उन्हाळ्यात वरची माती काढून सहा-आठ इंचांवर आणायची, मध्ये जाड प्लास्टिकचा कागद टाकला की पाणी गळत नाही. माती चारही बाजूंनी सारखी काढायची, एकाच कोपऱ्यातून ओरबाडायची नाही. दुसरं, खांब आणि तुळई (छताचा भार पेलणारं आडवं लाकूड) जिथे भेटतात तिथे तिरपे आधार द्यायचे, लाकडाचे किंवा लोखंडी अँगलचे. तिसरं, भिंतीत साधारण तीन-साडेतीन फुटांवर आरपार भोक करून त्यात आकडा वळवलेली सळई आणि काँक्रीट भरायचं. हा झाला कृत्रिम जोडदगड. भोक पाडताना घणाचे घाव घालू देऊ नका, पहारीने एकेक दगड अलगद काढायला सांगा, नाहीतर दुरुस्ती करतानाच भिंत खाली येईल. आणि भिंतीला कुठे पोट आलं असेल, तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचणं हाच उपाय. वरून सिमेंटचा गिलावा केला की भिंत दिसते छान, पण पोट तसंच राहतं. हे सगळं सुरू करण्याआधी एखाद्या जाणकार इंजिनिअरला घर दाखवा. गवंडी कितीही जुना असला तरी.

घरातल्या सामानाचं थोडक्यात सांगतो. लोखंडी कपाट झोपायच्या जागेपासून दूर, आणि वरून भिंतीला पट्टीने जखडलेलं. भांड्यांच्या मांडणीच्या वरच्या फळीवर पितळी हंडे नकोत. उशाशी मोठ्या तसबिरी नकोत. गॅस सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा आणि रेग्युलेटर बंद कसा करायचा हे आईलासुद्धा अंधारात चाचपून करता आलं पाहिजे. स्लॅबवर हजार लिटरची टाकी असेल तर ती म्हणजे एक टन वजन. झोपायच्या खोलीवर ठेवू नका. दाराच्या वाटेत पोती, सायकल, पाण्याचे पिंप काही नको. बाजेखाली चपला नि बॅटरी. ही चपलांची गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. आमच्या आबांचे तळवे काचांनी आणि पत्र्याने फाटले होते, आणि तशा पायांनी ते दिवसभर दगड उपसत होते.

धक्का बसत असताना काय करायचं, हे घर कसलं आहे त्यावर ठरतं. इथे इंटरनेटवर सगळीकडे "टेबलाखाली शिरा" एवढंच लिहिलेलं असतं. सिमेंटच्या बऱ्या घरात ते बरोबर आहे : खाली बसा, डोकं-मान झाका, टेबलाचा पाय घट्ट धरा, हादरे थांबेपर्यंत हलू नका. माळवदाखाली मात्र टेबल काय करणार? तिथे तुम्ही दारापासून चार पावलांवर असाल आणि बाहेर मोकळं अंगण असेल, तर बाहेर पडा आणि भिंतीपासून दूर जा. बाहेर अरुंद बोळ असेल तर बोळात थांबू नका, दोन्ही बाजूंच्या भिंती तिथेच पडतात. आमच्याकडे घरातून सुटलेली किती माणसं बोळात गेली. म्हातारं माणूस उठू शकत नसेल तर त्याला ओढत नेण्यात वेळ जातो, म्हणूनच त्याची झोपायची जागा आधी ठरवायची. अंथरुणावर असेल तर उशी डोक्यावर घेऊन तिथेच पडून राहायचं, हे वडिलांना आत्ताच सांगून ठेवा.

भावाने लिफ्ट वापरायची नाही आणि जिन्याकडे पळायचं नाही. हादऱ्यात जिना धोक्याचा. खिडकीपासून दूर, मजबूत टेबलाखाली. त्याच्या इमारतीत खाली नुसते खांब आणि पार्किंग, वर भिंतींनी भरलेले मजले असं असेल, तर सोसायटीने एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा. २००१ च्या भूजच्या भूकंपात दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती खालच्या मजल्यावर बसल्या होत्या. तुम्ही पुढे कधी नवीन खोली बांधलीत तर कॉलमच्या रिंगांची (उभ्या सळयांभोवतीच्या कड्यांची) टोकं आत वळवून काँक्रीटमध्ये रुतलेली आहेत ना, आणि कॉलमच्या वर-खाली रिंगा जवळ जवळ आहेत ना, हे कॉलममध्ये काँक्रीट ओतायच्या आधी स्वतः बघा. कामगार घाईत काटकोनात वाकवून सोडतात. हादरा बसला की त्या उघडतात.

आता धक्का थांबल्यानंतर. पहिलं, काडी ओढू नका, देव्हाऱ्यातला दिवासुद्धा लावू नका, विजेची बटणं चालू-बंद करू नका. गॅसचा वास नसेल तरीही रेग्युलेटर बंद. वास नसेल आणि बोर्डापर्यंत जाणं सुरक्षित असेल तर मेन स्विच पाडा. मग सगळे बाहेर, भिंती, विजेचे खांब आणि तारांपासून लांब. मोकळी जागा आधी ठरलेली हवी. शाळेचं मैदान, खळं, काहीही, पण घरातल्या प्रत्येकाला एकच जागा माहीत हवी. फोन लावत बसू नका, लाईन मिळत नाही. "आम्ही सुखरूप" असा मेसेज परगावच्या एकाच नातेवाइकाला टाका, त्याने बाकीच्यांना कळवायचं. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७.

मोठ्या धक्क्यामागून पुन्हा धक्के येतात, तासाभरात येतात, महिन्यांनीही येतात. अर्धवट फाकलेली भिंत पहिल्यात उभी राहते आणि दुसऱ्यात पडते. दागिने, कागद, धान्य काढायला आत गेलेली माणसं अशीच जातात. म्हणून सातबारा, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत्ताच भावाकडे ठेवा, म्हणजे आत जायचं कारणच उरणार नाही. ओसरीत किंवा गोठ्यात एका डब्यात माणशी दिवसाला चार लिटर हिशेबाने तीन दिवसांचं पाणी, वडिलांची रोजची औषधं, ताडपत्री, शिट्टी आणि दोर ठेवा. ताडपत्री विसरू नका. आमच्याकडे भूकंपाच्या पाठोपाठ पाऊस आला, आणि जखमी माणसं उघड्यावर भिजत होती.

घरात परत जायचं की नाही, हे चिरांवरून कळतं. गिलाव्यावरची केसासारखी चीर चालते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एकमेकींना छेदणारी, आरपार उजेड दिसणारी चीर दिसली, दार अचानक चौकटीत अडकायला लागलं, भिंत ओळंब्यातून सुटली म्हणजे एका बाजूला कलली, तर आत पाय ठेवायचा नाही. मलबा हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, तलाठ्याच्या पंचनाम्याला ते लागतात. दावणीची जनावरं सोडवायला मात्र माणसाने पडक्या गोठ्यात जाऊ नये. आधीपासूनच दावं ओढताच सुटेल अशा गाठीने बांधा.

"आज रात्री बारा वाजता मोठा येणार" असे मेसेज फिरतील, नक्की फिरतील. भूकंपाची वेळ सांगता येत नाही, त्यामुळे असा प्रत्येक मेसेज खोटा. किती तीव्रतेचा झाला, केंद्र कुठे, हे राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या 'भूकंप' नावाच्या ॲपवर मिळतं, तेवढंच बघा. जमिनीतून गूढ आवाज आल्यावर लेकरं घाबरत असतील तर त्यांना उगाच "काही नाही, झोप" म्हणू नका. आवाज आला की आपण कुठे जायचं, ते त्यांच्यासोबत एकदा अंधारात चालून बघा. भूकंपानंतर माझी धाकटी बहीण कितीतरी दिवस पावसाच्या गडगडाटालाही उठून पळायची. आबांनी तिला रोज झोपताना अंगणातल्या लिंबापर्यंतची वाट चालवून आणायला सुरुवात केली, तेव्हा ती झोपायला लागली.

जमलं तर इथेच खाली दोन फोटो टाका : नव्या खोलीचा बाहेरचा कोपरा स्लॅबपासून जमिनीपर्यंत दिसेल असा, आणि माळवदाच्या खोलीतली खांब-तुळईची जागा. मी बघून सांगतो आईवडिलांना कुठे झोपवायचं ते. तोवर बाज ओसरीतच असू द्या, आणि दगड खाली.