वहीतला खोडलेला शॉट

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेतून ८४ टक्के मिळवून पास झाली. गणितात ९१ आहेत. आता म्हणते, चित्रपट दिग्दर्शन शिकायचं. एकच सिनेमा दिवसभर थांबवत, मागेपुढे करत बघते आणि वहीत चौकटी काढत बसते. कॅमेरा तर तिला धड धरताही येत नाही. मी तिला तीन महिने दिलेत. एक लघुपट करायचा, स्पर्धेला पाठवायचा, बक्षीस मिळालं तर विचार करू. नाहीतर मुकाट्याने इंजिनीअरिंग. कॅमेरा अँगल वगैरे आठवडाभरात इंटरनेटवर शिकता येतात, त्यासाठी वर्षं कशाला घालवायची? तिच्या वहीच्या चार पानांचे फोटो सोबत पाठवतोय. तिला हे माहीत नाही. – एक वडील

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी फोटो उघडू की नको, अशा विचारात बराच वेळ होते. अठरा वर्षांच्या मुलीची वही तिच्या नकळत उघडायची, फोटो काढायचे आणि एका परक्या बाईला पाठवायचे, हे तुम्हाला सहज वाटलं. मला नाही वाटलं. शेवटी उघडले, कारण उत्तर द्यायचं होतं. त्याबद्दल मीही तिची माफी मागायला हवी.

आता त्या तीन महिन्यांबद्दल. याला संधी म्हणू नका, ही पैज आहे. रागावू नका, पण अशा अटी मी वर्षानुवर्षं वाचत आलेय आणि अट घालणाऱ्याला निकाल बहुधा आधीच ठाऊक असतो. पहिला लघुपट वाईटच होतो. आवाज खरखरतो, मित्रमंडळी अभिनय करायला लाजतात, शेवट घाईत उरकलेला असतो. त्यातूनच माणूस शिकतो. डोक्यावर बक्षिसाची टांगती तलवार असली की शिकणं बाजूला राहतं आणि मुलं परीक्षकांना काय आवडेल ते शोधू लागतात. मग कारण नसताना कॅमेरा तिरपा होतो, दर दोन मिनिटांनी स्लो मोशन येतं. म्हणजे जे तिला आज बऱ्यापैकी जमतंय, तेच तुमची अट बिघडवणार.

जमतंय असं का म्हणतेय, ते सांगते. पहिल्या पानावर तिने कुठूनतरी उतरवून घेतलेला तक्ता आहे : लो अँगल (खालून वर बघणारा कॅमेरा) म्हणजे सत्ता, हाय अँगल (वरून खाली बघणारा) म्हणजे दुबळेपणा, तिरपा कॅमेरा म्हणजे डोकं फिरलंय. हाच तो तुमचा आठवडाभराचा अभ्यासक्रम. तो खरंच आठवड्यात पाठ होतो आणि जवळजवळ निरुपयोगी असतो. ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ (१९४१) घ्या. नायक निवडणूक हरलाय, जवळचा मित्र त्याला सोडून निघालाय आणि नेमक्या त्याच प्रसंगात कॅमेरा इतका खाली आहे की तो बसवायला स्टुडिओची जमीन खोदावी लागली होती. तक्त्याप्रमाणे हा माणूस सत्ताधीश दिसायला हवा. दिसतो तो रिकाम्या कचेरीत उगाच उंच झालेला, हरलेला माणूस. सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) जवळजवळ सगळा एका खोलीत घडतो. ल्युमेटने सिनेमाचा पहिला एक तृतीयांश भाग डोळ्यांच्या पातळीच्या वरून घेतला, मधला डोळ्यांच्या पातळीवर आणि शेवटचा खालून. सोबत लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या करत नेल्या, त्यामुळे भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात आणि शेवटाकडे खोलीचं छत चौकटीत येऊ लागतं. इथे खालून घेतलेल्या शॉटमधून सत्ता दिसत नाही, जीव गुदमरतो. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा कॅमेरा तर आयुष्यभर जवळजवळ जमिनीलगत बसला, पण मान वर करून कुणाकडे बघत बसला नाही. कॅमेऱ्याची उंची वेगळी आणि त्याचा कल वेगळा, एवढी साधी गोष्टही तो तक्ता सांगत नाही. अँगलला स्वतःचा अर्थ नसतो. आधी काय दाखवलं, पुढे काय येणार आणि त्या क्षणी आपण कुणाच्या बाजूने बघतोय, यावर तो ठरतो. याला आठवडा पुरत नाही. काहींना तीस वर्षंही पुरत नाहीत.

आता चौथं पान. तुम्ही ते नीट पाहिलं नसावं, नाहीतर पाठवलं नसतं. जेवणाचं टेबल, दोन खुर्च्या, एका गोलात ‘बा’ आणि एकात ‘मी’ लिहिलंय. कॅमेऱ्याच्या तीन जागा दाखवल्यात, त्यातल्या दोन खोडल्यात. उरलेली जागा ‘बा’च्या पाठीमागे आहे आणि खाली लिहिलंय, ‘चेहरा नको. मान पुरे.’ पहिल्यांदा मला वाटलं, राग आहे मुलीच्या मनात. मग खोडलेली एक जागा पाहिली. समोरून, खालून, तक्त्यातला लो अँगल. त्यावर काट मारून बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय : ‘व्हिलन वाटतात. तसे नाहीत.’

यावर मी काही बोलत नाही. एवढंच लक्षात घ्या, की पहिल्या पानावर उतरवून घेतलेला नियम तिने चौथ्या पानावर स्वतःच्या डोक्याने मोडलाय आणि का मोडला तेही तिला माहीत आहे.

कॅमेरा धरता येत नाही म्हणता, तर तो धरणारा माणूस वेगळा असतो. ऑर्सन वेल्स ‘सिटिझन केन’च्या वेळी पंचविशीत होता, सिनेमातला तसा नवखाच. कॅमेरा सांभाळला तो छायाचित्रणकार ग्रेग टोलँडने आणि वेल्सने श्रेयनामावलीत त्याचं नाव स्वतःच्या नावासोबत एकाच पाटीवर घातलं. कुठून बघायचं हे दिग्दर्शक ठरवतो. ते कसं टिपायचं, उजेड कुठून आणायचा, कुठली लेन्स लावायची, हे छायाचित्रणकाराचं काम.

आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ती बघत असलेल्या सिनेमातल्या प्रत्येक शॉटपुढे सेकंद लिहिलेत. एका ठिकाणी ‘११ – कडी. २ सेकंद. आईचा चेहरा का नाही?’ आणि खाली वेगळ्या शाईत, ‘आवाज आधी येतो, चेहरा नंतर. म्हणून.’ हे लिहिणारी मुलगी कदाचित संकलनाकडे, म्हणजे शॉट निवडून जोडण्याच्या कामाकडे जाईल. दिग्दर्शन सोडून सिनेमात दुसरं काही असतं, हे तिच्या वयाच्या मुलांना कुणी सांगतच नाही. हे तुम्ही तिच्यावर लादू नका. विचारा फक्त.

वाटा थोडक्यात सांगते. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आणि कोलकात्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था, दोन्हीकडे दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन स्वतंत्रपणे शिकवतात. या अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, पण ती कुठल्याही शाखेची चालते. म्हणजे ‘आधी पदवी’ हा तुमचा आग्रह चुकीचा नाही. ती पदवी इंजिनीअरिंगचीच हवी, हा आग्रह तुमच्या घरचा आहे. गणितात ९१ मिळवणारी मुलगी इंजिनीअरिंग करूही शकेल आणि कुणी सांगावं, तिला ते आवडेलही. पण पैज हरल्याची शिक्षा म्हणून मिळालेलं काहीच कुणाला आवडत नाही.

तुमची भीती खोटी नाही. या धंद्यात महिन्याच्या महिन्याला पगार नसतो, सहायक म्हणून काही वर्षं राबावं लागतं आणि पुष्कळ जण मध्येच सोडून जातात. हे तिला सांगा, पण भीती दाखवायची म्हणून नको. तिचं उत्पन्न कमी असेल त्या काळात तुम्हाला तिला किती वर्षं सांभाळता येईल, हे आकडे मांडून सांगा. तेवढा हिशेब ऐकायला मुलं तयार असतात.

स्पर्धा रद्द करा. त्याऐवजी तिने चौथ्या पानावरचा तो एकच प्रसंग मोबाइलवर तीन वेगवेगळ्या जागांवरून घ्यावा, खोडलेल्या दोन्ही जागांसह. कॅमेऱ्याने टेबलाच्या एकाच बाजूला राहायचं, म्हणजे शॉट जोडल्यावर दोघं एकमेकांकडेच बघताना दिसतात. मग तिन्ही जोडून बघावेत. एखादी संध्याकाळ जाईल. ‘बा’च्या खुर्चीत तुम्ही बसा, ती सांगेल तितका वेळ, ती सांगेल तसे. कॅमेरा मागे असेल तेव्हा वळून बघायचं नाही.

अर्थात त्यासाठी चौथं पान तुम्ही पाहिलंय हे तिला कळायला हवं. ते आधी सांगा. आजच.