देवघरात मन लागत नाही, मळ्यात लागतं

"देवासमोर बसले की काहीच वाटत नाही. शेतात, नदीवर गेले की डोळे भरून येतात. माझी श्रद्धा गेली का?" जळगावात समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यासमोर वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले असतात आणि घरातलं कुणीतरी नुकतंच गेलेलं असतं. प्रश्न विचारताना आवाज हमखास खाली येतो, चोरी कबूल करावी तसा.

यावल तालुक्यातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना इथे वंदनाताई म्हणू या; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना घेऊन आले त्यांचे यजमान. तक्रारही त्यांचीच होती. "पूजा निम्मी सोडून उठते आणि केळीत जाऊन बसते. काम नाही, काही नाही. नुसती बसते." नणंदेनं तर बाहेरचं काही लागलंय म्हणून उतारा सुचवला होता.

यजमानांना बाहेर बसवलं. मग नेहमीचे प्रश्न विचारले. झोप लागते? जेवण जातं? सकाळी उठावंसं वाटतं? जगणं नकोसं झालंय का? हे शेवटचं मी आडपडदा न ठेवता विचारते. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तसं काही भरत नाही, उलट मनात असेल तर बोलायला वाट मिळते. ताई जेवत होत्या, झोपत होत्या, नातीच्या बाळलीलांवर हसतही होत्या. आई गेली त्या दिवाळीपासून फक्त देवघर नकोसं झालं होतं.

"मळ्यात काय होतं ते सांगा," म्हटलं. मला वाटलं, 'शांत वाटतं' म्हणतील आणि गप्प होतील. पण त्या सांगतच राहिल्या. थंडीत पहाटे केळीच्या पानांवरून दव टपकतं, पाऊस नसून पाऊस पडल्यासारखं ऐकू येतं. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या झाडाचं कमळ (केळफूल) खाली लोंबतं, त्याची एकेक जांभळी पाकळी वर उचलते आणि आतून कोवळी फणी दिसते. पाकळी उचलली की नाही, हे बघायला त्या रोज त्याच झाडाशी जायच्या. "तिथी मले कुणी काही मागत नाही, मॅडम. अन् मीबी काही मागत नाही."

केळीचं जुनं झाड कापतात आणि बुडाशी आलेलं पिल वाढवतात. त्यावरून आई-लेकीचं काहीतरी सुंदर बोलून टाकावं असा मोह मला झाला. आवरला. असली वाक्यं समुपदेशकाला सुखावतात, समोरच्याच्या कामाची नसतात. मला त्यांच्या 'मागत नाही' या शब्दांकडे जायचं होतं.

"आणि देवाकडे काय मागितलं होतं?"

बराच वेळ त्या पदर चाळवत राहिल्या. मग कळलं. आई आजारी असताना त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याच्या मनुदेवीला नवस बोलला होता, वर तीन पोथ्या आणि सोमवार धरले होते. आई तरी गेलीच. पोथ्या मात्र सुरू राहिल्या, कारण सोडायच्या कशा? रोज देवघरात बसलं की मागणं आणि नाकारणं पुन्हा समोर यायचं. ताईंची श्रद्धा गेलेली नव्हती. त्या देवीवर रागावल्या होत्या, आणि देवीवर रागवायची परवानगी त्यांनी स्वतःला दिली नव्हती. माझ्याकडे येणाऱ्या अशा माणसांत 'मन लागत नाही'च्या खाली पुष्कळदा हा न बोललेला राग निघतो.

पापाची भीतीही होतीच. तिला उत्तर आपल्या खान्देशातच आहे. श्रावणात आपली कानबाई देवी घरी बसवतो आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर नेतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतो. वर सातपुड्यात भिल्ल-पावरा बांधव वाघदेव पूजतात, तेही उघड्या रानात. आपला देव कधी चार भिंतींत मावला होता? केळीत बसून डोळे भरले म्हणजे धर्म बुडाला, असं मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

ती शांतता म्हणजे देव की मनाचा खेळ, याचा निवाडा मी करत नाही. तो माझा प्रांत नव्हे. मी एकच बघते: माणूस तिथून परत कसा येतो? ताई मळ्यातून आल्या की नातीला घ्यायच्या, सुनेशी चार शब्द बोलायच्या. एक तरुण मात्र दर रविवारी एकटाच डोंगरात जायचा आणि आला की आणखी मिटायचा. फोन घेईना, जेवेना. 'निसर्गात रमतो' म्हणून घरचे खुशीत होते. तो नैराश्यात होता, त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं लागलं. मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली असं दोन आठवडे राहिलं तर झाडाखाली बसणं पुरत नाही. 14416 ही मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

ताईंना सांगितलं ते साधं होतं. मळ्यात जा, फोन घरी ठेवून. रोज काही जाणवलंच पाहिजे असा हट्ट नको, नाहीतर तीही चौथी पोथी होईल. उन्हाळ्यात जायचं ते सकाळीच; आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा भर दुपारी निसर्गाशी एकरूप व्हायला गेलं तर सलाइन लावावं लागेल. आणि मनुदेवीला जाऊन मनातलं बोला. गोड नाही, खरं.

त्या जाऊन आल्या. देवीशी काय बोलल्या ते मी विचारलं नाही. आईविना माहेरची पहिली अखाजी मात्र जड गेली. घागर भावानं भरली, वहिनीनं सांजोऱ्या केल्या, आणि ताई घासभर खाऊन मागच्या निंबाखाली जाऊन बसल्या. अखाजीला बांधतात तो झोका यंदा बांधलाच नव्हता. थोड्या वेळानं भाऊ येऊन शेजारी बसला आणि दोघं पहिल्यांदा आईबद्दल बोलले. पुढच्या भेटीत अर्धा तास त्या हेच सांगत होत्या.

पोथ्या त्यांनी सोडल्या. दिवा लावतात, एखाद्या दिवशी राहतो. यजमानांची तक्रार आता निराळी आहे. रोज बारकाईनं बघत असल्यामुळे पानांवरचा करपा त्यांच्याआधी ताईंना दिसतो, आणि फवारणीला उशीर का झाला म्हणून बोलणी त्यांना खावी लागतात.