मार्टिनच्या घरात आत काय पसरावं?

तुम्ही विचारलंय की मागच्या अंगणात खांबावर पर्पल मार्टिनचं (पाकोळीच्या कुळातला अमेरिकी स्थलांतरित पक्षी) घर उभं केलंय, आता कप्प्यांत गवत घालू, कापूस घालू की ते तसेच रिकामे ठेवू? मी टेक्सासात ह्यूस्टनजवळ राहतो, माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमचं घर आहे आणि काही प्लास्टिकचे भोपळेही, म्हणजे भोपळ्याच्या आकाराची घरटी, टांगलेत. माझं उत्तर एका ओळीत: पाइनच्या वाळलेल्या सुया घाला, पेरभर जाडीचा थर, बस्स.

या सुया बागकामाच्या दुकानात पाइन स्ट्रॉ म्हणून गठ्ठ्याने मिळतात. त्या पटकन ओलावा धरत नाहीत, दबून घट्ट होत नाहीत आणि मधून हवा खेळते. घरट्यात खरा त्रास ओलीचाच. वळवाचा पाऊस तिरका आला की दारातून पाणी आत जातं आणि ओल्या गवतावर बसलेली पिल्लं गारठतात. भोपळ्याचा तळ खोलगट असतो, तिथे थर थोडा जाड चालतो. मात्र तो दाराच्या पातळीला येऊ देऊ नका, नाहीतर पिल्लं दाराशी येऊन बसतात आणि घुबडाच्या नखांना आयती सापडतात.

गव्हाचं कोरडं काड पण चालतं. चारा म्हणून विकतात ते हिरवट गवत नको, त्याला बुरशी लवकर येते. लॉन कापल्यावरचं ओलं गवतही नकोच. भुसा नको, तो पाणी पिऊन लगदा होतो. कापूस, सुतळी, केस, ड्रायरमधली लव यातलं काहीच नको. धागे पिल्लांच्या पायात अडकतात. सीडर या वासाच्या लाकडाच्या, रंधा मारल्यावर निघतात तशा गुंडाळ्या बरेच जण वापरतात. त्याच्या वासाने किडे दूर राहतात म्हणतात, तर काहींना त्या वासाचीच धास्ती वाटते. मला त्या वादात पडायचं कारण दिसत नाही, पाइन स्वस्त आहे.

आणि हे लक्षात घ्या, घरटं आपल्याला बांधायचं नाहीये. आपण फक्त सतरंजी अंथरतो. जोडी स्वतः काड्या आणते, मग चिखलाचे गोळे चोचीत धरून आणते आणि दाराच्या आत छोटा बांध घालते. अंडी घालायच्या सुमारास झाडाची ताजी हिरवी पानं तोडून आणून मधल्या खळग्यात पसरते, सुकली की नवी आणते. फेब्रुवारी-मार्चात पाऊस नसेल तर एका पसरट ताटात चिकण माती कालवून उघड्यावर ठेवा. भाजून चुरलेली अंड्याची टरफलंही ठेवा, माद्यांना कॅल्शियम लागतं.

कप्पे मात्र फार आधी उघडू नका. आमच्याकडे जाणते पक्षी जानेवारीअखेर ब्राझीलकडून परततात, तोवर दारं बंद ठेवलेली बरी, नाहीतर चिमण्या आणि युरोपियन साळुंक्या, म्हणजे स्टारलिंग, जागा बळकावतात. इथे आपल्या माणसाचं मन अडखळतं. तिकडे भारतात आपण चिमणीसाठी गॅलरीत खोकी टांगतो, २० मार्चचा जागतिक चिमणी दिन तर नाशिकच्या संस्थेनेच सुरू केला. पण अमेरिकेत ही चिमणी १८५१ च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये मुद्दाम आणून सोडलेली. ती मार्टिनची अंडी फोडते. तिचं घरटं लगेच ओळखू येतं: वरपर्यंत कोंबलेलं गवत, पिसं, प्लास्टिकचे तुकडे. मार्टिनचं सपाट असतं. चिमणीचं काढून टाकायला कायद्याची आडकाठी नाही. मार्टिनला मात्र १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे आत अंडं दिसलं की घरटं काढून टाकायचं नाही.

नवीन घराला पहिल्या वर्षी बहुतेक आदल्या वर्षी जन्मलेले तरुण पक्षी येतात, आणि ते जाणत्यांच्या दोन-अडीच महिने मागून. त्यामुळे मार्च रिकामा गेला म्हणून घर उतरवू नका.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लागणार आहे ते सांगतो: सुयांची एक पिशवी कोरडी राखून ठेवा. पिल्लं साधारण दहा दिवसांची झाली की आणि पुन्हा वीस दिवसांच्या आसपास बरेच जण जुनं घरटं बदलतात, कारण तोवर त्यात माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, आणि माशांच्या अळ्या झालेल्या असतात. पिल्लं कापड घातलेल्या बादलीत ठेवायची, जुनं सगळं खरवडून काढायचं, नव्या सुया घालून मधे मुठीने खळगा करायचा आणि पिल्लं त्याच कप्प्यात परत ठेवायची. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप टाकून जातात ही नुसती अफवा आहे. पण बावीस दिवसांनंतर दार उघडू नका. पिल्लं घाबरून वेळेआधीच उडी मारतात. आणि कीटकनाशक पावडर कधीच नाही, एखादा शेजारी कितीही आग्रह करो.

हंगाम संपला, शेवटचं पिल्लू उडालं की मास्क लावून सगळं काढा, कप्पे पातळ ब्लीचने धुऊन उन्हात वाळवा. जुन्या सुया पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.