लिनक्सच्या टर्मिनलवर ऑडिओ सीडीतले ट्रॅक आणि त्यांची लांबी कशी पाहायची?

ड्राइव्हमध्ये सीडी घालून 'सीडीपॅरानोया' ही कमांड कॅपिटल क्यूच्या पर्यायासह चालवा; प्रत्येक ट्रॅकची लांबी आणि सुरुवातीचा सेक्टर (सीडीवरच्या डेटाचा छोटा तुकडा) लगेच दिसतो. क्यू कॅपिटलच हवा, स्मॉल क्यूने उलट संदेश बंद होतात. लांबीचा पहिला आकडा सेक्टरांचा असतो: ७५ सेक्टर म्हणजे एक सेकंद, म्हणजे १८,००० सेक्टर म्हणजे बरोबर ४ मिनिटं. यादी फाइलमध्ये वळवल्यावर फाइल रिकामी निघाली तर सीडीला दोष देऊ नका. हे टूल यादी स्टँडर्ड एररवर, म्हणजे संदेश आणि चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर लिहितं, म्हणून बाणाच्या चिन्हाला अगदी चिकटून आधी दोनचा आकडा टाका. गाण्यांची नावं मात्र इथे मिळणार नाहीत, सीडीच्या मूळ अनुक्रमणिकेत ती नसतातच. डिस्कवर सीडी-टेक्स्ट, म्हणजे नावांसारखी मजकुराची माहिती, भरलेलं असेल आणि ड्राइव्हला ते वाचता येत असेल, तर 'सीडी-इन्फो' ही कमांड ती नावं दाखवते.