चेहरा हुबेहूब रंगवायला किती रंग लागतात?

तुम्ही विचारलंय, ऑइलमध्ये पोर्ट्रेट शिकायला बारा ट्यूबांचा सेट घ्यावा की चार रंगांत भागेल. भागतं. मी तर म्हणेन, पहिली दहा-पंधरा पोर्ट्रेट चारच रंगांत करा: टायटॅनियम व्हाइट (पांढरा), यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि आयव्हरी ब्लॅक (काळा). स्वीडनचे चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने हे पॅलेट ओळखलं जातं. खरा व्हर्मिलियन म्हणजे हिंगूळ. पाऱ्याचा, विषारी आणि महागही. त्याच्याऐवजी मी कॅडमियम रेड लाइट घेते.

निळ्याशिवाय कसं होणार, अशी धास्ती मलाही होती. आईचं पोर्ट्रेट करताना डोळ्यांपाशी अडले. बुबुळाभोवती ट्यूबमधला पांढरा तसाच लावला, तर डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे दिसायला लागले. खरवडून काढला आणि पांढऱ्यात सुईच्या टोकाइतका काळा घातला. पॅलेटवर तो साधा करडा होता, पण तांबूस पापणीच्या शेजारी ठेवल्याबरोबर चक्क निळसर दिसला! मग तोच करडा थोडा गडद करून कपाळावर, खिडकीचा उजेड पडला होता तिथे लावला. आईचा सावळा रंग एकदम जिवंत झाला. रंग शेजाऱ्यामुळे बदलतो हे मला त्या दिवशी कळलं.

सुरुवातीला सुरीने तीन ढीग कालवून ठेवा: उजेडाचा, मधला आणि सावलीचा. पाया ऑकर आणि लालचा. आपल्या त्वचेला ऑकर जरा सढळ हाताने लागतो, पांढरा बेताने. नुसता पांढरा वाढवत गेलात तर चेहऱ्याला पावडर फासल्यासारखी दिसते, म्हणून त्याच्याबरोबर प्रत्येक वेळी चिमूटभर ऑकर किंवा लाल जाऊ द्या. मधूनमधून डोळे किलकिले करून समोरच्या माणसाकडे आणि मग कॅनव्हासकडे बघा. गडद-फिकं बरोबर असेल तर रंग थोडा चुकला तरी माणूस ओळखू येतो. गडद-फिकं चुकलं तर महागातले रंगही काही करू शकत नाहीत.

एक मर्यादा मात्र आहे. काळा आणि ऑकर मिळून शेवाळी हिरवा मिळतो, आईच्या काचेच्या बांगड्यांचा हिरवा नाही. मी खूप धडपडले. शेवटी चेहरा पुरता वाळू दिला आणि तेवढ्या बांगड्यांसाठी व्हिरिडियन या निळसर हिरव्या रंगाची ट्यूब उघडली.